वर्तुळातली आंबिवली

कराची ते आंबिवली हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजलं तर साधारण ८९० किलोमीटर भरतं. चीनच्या जे-३५ या स्टेल्थ लढाऊ विमानाचा पल्ला, म्हणजे शस्त्रं घेऊन जायचं, लढायचं आणि आपल्या तळावर परत यायचं एवढ्या कामासाठी एका बाजूला कापता येणारं अंतर, १,२०० किलोमीटरच्या आसपास सांगितलं जातं. हे विमान पाकिस्तानला मिळणार अशी बातमी आली, की वृत्तवाहिन्यांच्या नकाशावर कराचीत कंपासचं टोक रोवलं जातं आणि एक लाल वर्तुळ फिरतं. त्यात मुंबई येते, ठाणं येतं, नाशिक येतं, हजार किलोमीटरवरचं पुणंही येतं. कल्याणजवळची, शहाड आणि टिटवाळा यांच्यामधली आंबिवली तर येतेच येते. वर्तुळाचं गणित बरोबर आहे, पण त्यातून घरोघर काढला जाणारा अर्थ बहुतेक वेळा चुकतो. आंबिवली पाकिस्तानच्या माऱ्याच्या टप्प्यात कधीचीच आहे, त्यासाठी तिला चिनी विमानाची वाट पाहावी लागलेली नाही. स्टेल्थ विमान आलं तर बदलेल ते निराळंच: सीमेवर नजर ठेवणाऱ्या आपल्या विमानांना किती मागे राहावं लागेल, हे. पल्ल्याचा आकडा त्या बाजूने वाचला तर भीती थोडी कमी होते आणि काळजी योग्य जागी जाते.

आधी सौद्याचं पाहू. जे-३५ चा पूर्वज एफसी-३१ हा शेनयांगच्या कारखान्यातला. त्याचं पहिलं उड्डाण ३१ ऑक्टोबर २०१२ ला झालं आणि २०१४ च्या झुहाई प्रदर्शनात ते जगापुढे आलं. चिनी हवाई दलाकडे तेव्हा जे-२० हे मोठं स्टेल्थ विमान तयार होत होतं, त्यामुळे या दुसऱ्या विमानासाठी कारखान्याची नजर सुरुवातीपासून परदेशी गिऱ्हाइकावर होती. गिऱ्हाईक काही मिळेना. पुढे चिनी नौदलाला विमानवाहू जहाजांसाठी ते हवंसं वाटलं, हवाई दलानेही जमिनीवरून उडणारी आवृत्ती घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच झुहाईत ते जे-३५ए या नावाने अधिकृतपणे मिरवलं. पाकिस्तानच्या हवाई दलप्रमुखांनी जानेवारी २०२४ मध्येच हे विमान घेण्याची पायाभरणी झाल्याचं जाहीर केलं होतं. जून २०२५ मध्ये पाकिस्तान सरकारने सांगितलं, की चीनने ४० जे-३५, टेहळणीची केजे-५०० विमानं आणि एचक्यू-१९ ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा देऊ केली आहे. त्याच महिन्यात त्यांचे संरक्षणमंत्री ख्वाजा आसिफ म्हणाले, की ही सगळी माध्यमांतली चर्चा आहे. थोडक्यात, तुरी अजून बाजारात आहेत. तरीही विषय आज समजून घ्यायला हवा, कारण लढाऊ विमानांच्या बाबतीत उत्तर तयार करायला दहा-दहा वर्षं लागतात.

स्टेल्थ विमान परक्याला विकणं ही साधी गोष्ट नाही. अमेरिकेने आपलं एफ-२२ कुणालाच विकलं नाही, त्यावर कायद्यानेच बंदी घातली. एफ-३५ मित्रदेशांना दिलं, पण तुर्कस्तानने रशियाची एस-४०० यंत्रणा घेतल्याबरोबर २०१९ मध्ये त्याला त्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. चीननेही जे-२० आजवर बाहेर जाऊ दिलेलं नाही. मग जे-३५ का विकायचं? एक तर विमानांची संख्या वाढली की प्रत्येकामागचा खर्च उतरतो. दुसरं आणि मोठं कारण म्हणजे अशा विमानाबरोबर गिऱ्हाईक तीस-चाळीस वर्षांसाठी बांधलं जातं. वैमानिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, क्षेपणास्त्रं, संगणकातल्या आज्ञावलीची दुरुस्ती, सगळं विकणाऱ्याच्या हाती. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या हिशेबानुसार २०२० ते २०२४ या काळात पाकिस्तानने आयात केलेल्या शस्त्रांपैकी ८१ टक्के चीनची होती, आणि चीनच्या एकूण शस्त्रनिर्यातीतला ६३ टक्के वाटा एकट्या पाकिस्तानकडे गेला. एवढं घट्ट नातं दोघांनाही सोयीचं असतं तसंच जाचकही असतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता पल्ल्याकडे येऊ. शोरूममध्ये मोटारसायकलचा जो अॅव्हरेज सांगतात तो कल्याणच्या पत्रीपुलावरच्या वाहतूक कोंडीत कधी मिळत नाही, आणि विमानाच्या माहितीपत्रकातल्या आकड्याचंही तसंच आहे. तो खोटा नसतो. तो अमुक उंचीवर, अमुक वेगाने, अमुक इतकी शस्त्रं घेऊन, वाटेत कुणी न अडवता केलेल्या फेरीचा असतो. विमान एकूण किती उडू शकतं त्याच्या निम्मं म्हणजे लढाऊ पल्ला, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. उड्डाणाला आणि वर चढायला भरपूर इंधन जातं. लक्ष्यापाशी काही मिनिटं झुंजायची म्हणून इंधन बाजूला ठेवावं लागतं. परत आल्यावर आपल्या तळाची धावपट्टीच उखडलेली असेल तर दुसऱ्या तळावर जायला पुरेल एवढं हातचं राखावं लागतं. झुंजीत वैमानिक आफ्टरबर्नर लावतो, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूत आणखी इंधन फवारून पेटवतो. जोर साधारण दीडपट होतो आणि इंधन मात्र कितीतरी पटींनी जळतं. अशा पाच मिनिटांत शेकडो किलोमीटरचा पल्ला धुरात जातो. उंचीचा फरकही मोठा. वर हवा विरळ असते, तिथे विमान कमी इंधनात लांब जातं. रडारपासून लपण्यासाठी ते खाली आलं की दाट हवेशी झगडत इंधन पितं. आपल्या हवाई दलाच्या जग्वार विमानाचं उदाहरण बोलकं आहे. फक्त पोटातल्या इंधनावर, वरून जाऊन, लक्ष्यापाशी खाली उतरून, पुन्हा वरून परतायचं असेल तर त्याचा पल्ला सुमारे ८५० किलोमीटर आहे. तेच विमान सगळा वेळ खालून गेलं आणि खालूनच आलं तर आकडा ५४० च्या आसपास येतो. विमान, टाकी, वैमानिक सगळं तेच, आणि पल्ल्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गेला.

हे मनात ठेवून कराची-आंबिवली ही रेषा पट्टीने आखून पाहावी. वाहिन्यांवर वर्तुळ दिसतं, रेषा कुणी दाखवत नाही, आणि खरी गंमत रेषेत आहे. कराचीहून निघालेली ही सरळ रेषा कच्छमध्ये शिरते ती नलियाच्या जवळजवळ डोक्यावरून. नलियाला भारतीय हवाई दलाचा तळ आहे. तिथून ती कच्छचं आखात ओलांडून जामनगरपासून तीसेक किलोमीटरवरून जाते, जिथे हवाई दलाचा आणखी मोठा, जुना तळ आहे. पुढे सौराष्ट्राचा पट्टा तिरका कापत ती जाफराबादच्या आसपास समुद्रात उतरते, खंभातच्या आखाताचं तोंड ओलांडते आणि सातपाटीच्या आसपास पालघरचा किनारा गाठते. तिथून आंबिवली हाकेच्या अंतरावर. म्हणजे ८९० हा आकडा ज्या वाटेचा आहे ती वाट भारताच्या दोन हवाई तळांच्या अंगणातून जाते, आणि कुठलाही शहाणा वैमानिक ती धरणार नाही. त्याला द्वारकेच्या पश्चिमेला खोल समुद्रात उतरून, सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून निदान शंभर किलोमीटर लांब राहत वळसा घालावा लागेल. हा वळसा नकाशावर मोजला की एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरच्या आसपास जातं. बाराशेतले जेमतेम दोनशे हाती उरतात. शेवटचा टप्पा खालून उडायचा ठरवला, किंवा वाटेत एकदा जरी आफ्टरबर्नर लावून निसटावं लागलं, की परतीचं इंधन संपलं. शिवाय जाताना झोपलेला किनारा येताना खडबडून जागा झालेला असेल. तेव्हा कागदावर आंबिवली वर्तुळात तीनशे किलोमीटर आत असली, तरी प्रत्यक्षात ती या विमानाच्या पल्ल्याच्या अगदी काठावर आहे.

यावर कुणी म्हणेल, लांब जायचं असेल तर पंखांखाली जादा टाक्या लावता येतात, हवेत इंधनही भरता येतं. येतं ना. पण नेमका इथेच स्टेल्थ आणि पल्ला यांच्यात वाद सुरू होतो. रडारची लहर आदळून परत फिरू नये म्हणून या विमानांची प्रत्येक कड, प्रत्येक झडप विशिष्ट कोनात बसवलेली असते, आणि शस्त्रं पोटातल्या कप्प्यांत दडवलेली असतात. पंखाखाली एक टाकी टांगली की ती सगळी मेहनत पाण्यात. टाकी रडारवर ठळक चमकते. म्हणून लपून जायचं तर पोटात मावेल तेवढंच इंधन आणि पोटात मावतील तेवढीच शस्त्रं. हवेत इंधन भरणारं विमान तर मालवाहू विमानाएवढं अवाढव्य असतं, त्याला काही लपता येत नाही. पाकिस्तानकडे अशी चार आयएल-७८ विमानं आहेत. त्यातलं एखादं अरबी समुद्रावर घिरट्या घालू लागलं, की आसपास काहीतरी शिजतंय हे आपल्या नौदलाला कळायला स्टेल्थ विमान दिसण्याची गरजच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विमान स्टेल्थ आहे, रडारला दिसणारच नाही, तर ते वळसा कशाला घेईल? नलियाच्या डोक्यावरून सरळ जाईल! स्टेल्थ म्हणजे अदृश्य, ही समजूत सिनेमांनी पसरवली. प्रत्यक्षात स्टेल्थमुळे विमान किती अंतरावरून दिसतं ते अंतर कमी होतं, आणि तेही रडारच्या गणिताने ठरवलेल्या प्रमाणात. रडारवर दिसणारा विमानाचा आकार दहापट लहान केला तर दिसण्याचं अंतर दहापट कमी होत नाही, जेमतेम ४४ टक्क्यांनी घटतं. अंतर खरोखर दहापट कमी करायचं तर तो आकार दहा हजार पट लहान करावा लागतो. समजा आंबिवलीच्या टेकडीवर एक शक्तिशाली रडार आहे आणि त्याला उंचावरून येणारं साधं लढाऊ विमान ३०० किलोमीटरवर, म्हणजे भरुचच्याही पलीकडे दिसतं. दहा हजार पट लहान झालेलं विमान त्याच रडारला ३० किलोमीटरवर, म्हणजे विक्रोळीच्या आसपास आल्यावर दिसेल. फरक प्रचंड आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण विक्रोळीला दिसलंच. शिवाय हे लहान दिसणं मुख्यतः समोरून असतं, बाजूने आणि मागून तितकं नाही. लांब लहरींच्या जुन्या पद्धतीच्या रडारवर स्टेल्थचा प्रभाव कमी पडतो. इंजिनाची उष्णता टिपणारे सेन्सर वेगळेच. एकाच रडारला चुकवणं सोपं, कच्छपासून कोकणापर्यंत वेगवेगळ्या कोनांतून पाहणाऱ्या अनेक रडारांना एकाच वेळी चुकवणं फार अवघड. म्हणून स्टेल्थ विमानसुद्धा तळांच्या डोक्यावरून जात नाही, रडारांच्या मधल्या फटी शोधत वाकडं जातं. आणि वाकडी वाट म्हणजे पुन्हा इंधन.

तिसरा आक्षेप असा, की विमानाला आंबिवलीपर्यंत यायची गरजच काय, लांबून क्षेपणास्त्र सोडलं की झालं. बरोबर, पण मग स्टेल्थ विमानाची तरी गरज काय? पाकिस्तानने दीड हजार किलोमीटरच्या वर जाणारं शाहीन-२ हे क्षेपणास्त्र २००४ मध्ये तपासलं. मार्च २०१५ मध्ये २,७५० किलोमीटरचं शाहीन-३ तपासलं, ज्याच्या टप्प्यात जवळजवळ सगळा भारत येतो. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, त्यात महाराष्ट्रातल्या मुंबई, उरण, तारापूर, नाशिक, पुणे या ठिकाणांबरोबर ठाणंही होतं. तेव्हा जे-३५ पाकिस्तानच्या जवळपासही नव्हतं. आंबिवलीच्या आसपास पाहिलं तर आठेक किलोमीटरवर अंबरनाथचा आयुधनिर्माणी कारखाना आहे, पलीकडे मुंबईचं बंदर, तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र आणि पालघरच्या किनाऱ्यावर तारापूर. ही ठिकाणं शत्रूच्या यादीत असणार हे गृहीत धरूनच गेली कित्येक दशकं संरक्षणाची आखणी झाली आहे. मोजक्या, महागड्या स्टेल्थ विमानांतलं एखादं हजार किलोमीटर लांब घुसवून दोन बॉम्ब टाकायचा जुगार पाकिस्तानचं हवाई दल खेळेल, असं मानायला आधार नाही. त्यांच्या लेखी या विमानाचा उपयोग वेगळा आहे.

तो उपयोग कळण्यासाठी ७ मे २०२५ ची रात्र आठवावी. ऑपरेशन सिंदूरच्या त्या रात्री दोन्ही बाजूंची विमानं मोठ्या संख्येने आकाशात होती आणि तरी झुंज झाली ती आपापल्या हद्दीत राहून, एकमेकांना डोळ्यांनी न पाहता. पाकिस्तानच्या चिनी जे-१०सी विमानांकडे पीएल-१५ ही लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं होती, त्यांचे तुकडे पुढे पंजाबात होशियारपूर भागात सापडले. निर्यातीसाठीच्या या क्षेपणास्त्राचा जाहीर पल्ला १४५ किलोमीटर आहे. भारताने काही विमानं गमावल्याचं सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापुरात मान्य केलं, संख्या सांगितली नाही. हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी ९ ऑगस्टला सांगितलं, की भारताने पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं टेहळणी विमान पाडलं, आणि ते मोठं विमान सुमारे ३०० किलोमीटरवरून टिपलं. पाकिस्तानने हे नाकारलं. कुणाची किती पडली हा हिशेब बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दोन्ही बाजूंच्या सांगण्यात समान आहे. आता लढाई तळापासून किती लांब जाता येतं यावर ठरत नाही. कोण कुणाला आधी पाहतो आणि किती लांबून मारतो, यावर ठरते.

इथे जे-३५ चा खरा धोका दिसतो. आपल्या लढाऊ विमानांना दूरचं दाखवतात ती पाठीवर थाळीसारखं रडार घेऊन उडणारी टेहळणी विमानं. भारताकडे फाल्कन रडारवाली अशी तीनच मोठी विमानं आहेत, जोडीला देशी रडारवाली, आकाराने लहान नेत्रा. इंधन पुरवणारी आयएल-७८ विमानं आहेत सहा. ही मूठभर विमानं संथ, मोठी आणि लपू न शकणारी आहेत, आणि सगळ्या हवाई दलाची नजर नि दम त्यांच्यावर अवलंबून आहे. साधं शत्रूविमान जवळ येताना त्यांना वेळेत दिसतं, त्यामुळे ती सीमेच्या बऱ्यापैकी जवळ उडू शकतात. समोरचं विमान उशिरा दिसणार असेल आणि त्याच्या पोटात १४५ किलोमीटरचं क्षेपणास्त्र असेल, तर त्यांना मागे सरकावंच लागेल. अहमदाबादच्या आकाशात घिरट्या घालणारं टेहळणी विमान सुरतेच्या आकाशात आणलं, की त्याची नजर दोनशे किलोमीटरने मागे येते. इंधनवाहू विमान मागे सरकलं, की आपल्या सुखोईंचा पल्ला तेवढा आखडतो. म्हणजे जे-३५ ने एकही गोळी न झाडता, स्वतःच्या हद्दीत राहून, आपला पल्ला कापलेला असतो. पाकिस्तानला त्यासाठी बाराशे किलोमीटर लागत नाहीत, सीमेलगतचे दोन-तीनशे पुरतात.

मग मोठ्या पल्ल्याचा त्यांना काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो किलोमीटरपेक्षा तासांत मोजावा. लाहोर-अमृतसर अंतर पन्नासेक किलोमीटर. तिथे हजार किलोमीटरचा पल्ला म्हणजे न वापरलेलं इंधन, आणि न वापरलेलं इंधन म्हणजे हवेत जास्त वेळ टिकणं. बाराशे किलोमीटरच्या तयारीचं विमान तीनशे किलोमीटरवरच लढणार असेल, तर जाण्यायेण्याचे मिळून अठराशे किलोमीटर वाचतात. ताशी नऊशेच्या वेगाने ते दोन तास होतात. दोन तास जास्त घिरट्या घालणारं विमान म्हणजे त्याच कामाला कमी विमानं. चाळीस विमानं पन्नास-साठचं काम करतील. पल्ल्याचा हा अर्थ वाहिन्यांच्या वर्तुळात मावत नाही. उत्तर सीमेवर याच्या उलट घडतं. तिबेटमधल्या शिगात्सेचा तळ ३,८०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे मे २०२४ मध्ये उपग्रहचित्रांत जे-२० विमानं दिसली होती. एवढ्या उंचीवर हवा इतकी विरळ असते, की भरल्या टाक्या आणि पूर्ण शस्त्रं घेऊन विमान उचलतच नाही. एक तर इंधन कमी भरा किंवा बॉम्ब उतरवा. विमान तेच असलं तरी चीनच्या मैदानातून उडताना त्याचा पल्ला एक असतो आणि तिबेटातून उडताना दुसरा. पाकिस्तानला विकलेलं जे-३५ कराचीच्या समुद्रसपाटीवरून उडेल. आपल्या पश्चिम किनाऱ्याने याची नोंद घ्यायला हवी.

पल्ला जमिनीवरून सुरू होतो, हे आणखी एका अर्थाने खरं आहे. पाकिस्तानने २०१७ च्या डिसेंबरात सिंधमध्ये भोलारीचा नवा हवाई तळ सुरू केला, तो कराचीपेक्षा आंबिवलीला चाळीसेक किलोमीटरने जवळ आहे. मे २०२५ मध्ये भारताने मारा केलेल्या तळांत तोही होता. भारताने ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तर गुजरातेत डीसा इथे तळाची पायाभरणी केली, सीमेपासून १३० किलोमीटरवर. तळ पुढे नेला की पल्ला वाढतो, पण तो शत्रूच्या माऱ्यातही जातो. आणि त्यासाठी जमीन लागते, ती कुणाची तरी असते. कल्याणकरांना हे सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ नेवाळीला धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, युद्ध संपून सत्तर वर्षं झाली तरी तो वाद मिटला नाही, आणि जून २०१७ मध्ये नौदलाच्या कुंपणावरून तिथे मोठं आंदोलन पेटलं. संरक्षणाच्या चर्चेत ही बाजू क्वचितच येते, ती यायला हवी.

शेवटचा आक्षेप जरा घरगुती आहे. चायना माल चार दिवसांचा, आणि निर्यातीचा माल तर मुद्दाम कमी प्रतीचा; एवढं काय घाबरायचं? निर्यात आवृत्तीत काही क्षमता कापलेल्या असतात हे खरं. चिनी इंजिनं ही त्यांची जुनी दुखरी नस आहे हेही खरं. एफसी-३१ चं पहिलं विमान रशियन इंजिनावर उडालं होतं आणि पाकिस्तानचं जेएफ-१७ आजही रशियन इंजिनावर उडतं. पण मे २०२५ पर्यंत जे-१०सी बद्दलही आपल्याकडे असंच बोललं जात होतं. शत्रूचं शस्त्र स्वस्तात काढणं ही चैन आहे, ती परवडेल एवढी विमानं आपल्याकडे नाहीत. हवाई दलाला मंजूर संख्या ४२ स्क्वाड्रनची. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला आणि स्क्वाड्रन २९ वर आल्या. आपलं स्वतःचं स्टेल्थ विमान, एएमसीए, याला सरकारने मार्च २०२४ मध्ये पंधरा हजार कोटी मंजूर केले. ते हवाई दलात यायला २०३५ च्या आसपासचा काळ उजाडेल. तोवर जे-३५ ला उत्तर द्यायचं ते अधिक रडार, अधिक टेहळणी विमानं, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं आणि साध्या लढाऊ विमानांची पुरेशी संख्या यांनीच. यातलं शेवटचं काम आंबिवलीहून जाणारा लोहमार्ग कसारा घाट चढून जिथे पोचतो त्या नाशिकजवळ चालू आहे. ओझरचा हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला, पुढे तिथे दोनशेहून अधिक सुखोई-३० बनली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. हवाई दलाने अशी एकूण १८० तेजस मागवली आहेत, आणि त्यांचा पुरवठा २०२४ च्या सुरुवातीला सुरू व्हायचा होता. ओझरच्या या साखळीची क्षमता सध्या वर्षाला आठ विमानांची आहे. एका स्क्वाड्रनला सोळा ते अठरा विमानं लागतात.